शंभर टेबलांची एक गोष्ट

टेबलाभोवती बारा माणसं बसली आहेत, बहुतेक एकमेकांना अनोळखी. प्रत्येकाने तिकीट काढलं आहे, प्रत्येकाच्या हातात एका काल्पनिक पात्राचा कागद आहे आणि पुढचे चार तास या बाराजणांनी मिळून एक गोष्ट रचायची आहे. तेरावा माणूस ती गोष्ट चालवणार आहे. त्याला गेम मास्टर म्हणतात. खेळणाऱ्यांच्या तोंडी तो नुसता 'जीएम'. तो जग उभं करतो, गुहेत काय दिसतं ते सांगतो, राक्षसाच्या तोंडून बोलतो आणि विचारतो, "तुम्ही काय करता?" खेळाडू उत्तर देतात, जिथे निकाल काहीही लागू शकतो तिथे फासा टाकतात आणि गोष्ट पुढे सरकते. टेबलटॉप रोलप्लेइंग गेम म्हणतात तो हा. घरी चार-पाच मित्रांत तो आपला आपण रंगतो. कन्व्हेन्शनमध्ये, म्हणजे खेळणाऱ्यांच्या मोठ्या मेळ्यात, गर्दीत, बारा अनोळखी माणसांत तो रंगवावा लागतो, आणि त्याची तयारी बरीच आधी सुरू होते.

आधी वेळेचा हिशोब मांडू. कन्व्हेन्शनमधला नेहमीचा स्लॉट चार तासांचा, म्हणजे २४० मिनिटांचा. माणसं स्थिरस्थावर होऊन पात्रं वाटून होईपर्यंत २० मिनिटं जातात. मध्ये १० मिनिटांची सुट्टी. शेवटची १० मिनिटं आवराआवरीची, कारण पुढचा गट येऊन उभा असतो. उरली २०० मिनिटं. त्यातला निम्मा वेळ जीएमच्या वर्णनात, राक्षसांच्या चालींत आणि नियमांच्या खुलाशांत जातो असं धरू. खेळाडूंच्या वाट्याला आली १०० मिनिटं. पाच खेळाडू असतील तर प्रत्येकी २० मिनिटं, बारा असतील तर जेमतेम ८, वीस असतील तर ५. चार तास खुर्चीत बसून पाच मिनिटं बोलायला मिळणार असेल तर माणूस कंटाळणारच. या लेखात पुढे जे जे येईल, ते सगळं हा वाटा वाढवण्यासाठी आणि तो सगळ्यांना सारखा मिळावा म्हणून आहे.

विशेष म्हणजे हा खेळ जन्मला तेव्हा मोठा गट हीच त्याची रीत होती. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ साली अमेरिकेत पेटीतून विक्रीला आला. त्या पहिल्या नियमपुस्तिकेत एका मोहिमेत ४ ते ५० खेळाडू चालतील आणि साधारण २० खेळाडूंमागे एक जीएम असावा, असा हिशोब दिला होता. आज तो वाचून धडकी भरते. पण त्याच्याही आधी, १९६९ मध्ये, मिनेसोटातल्या डेव्हिड वेसली नावाच्या युद्धखेळवाल्याला वीसेक माणसांचा प्रश्न पडला होता. त्याने नेपोलियनच्या काळातल्या ब्राउन्स्टाइन नावाच्या काल्पनिक गावाचा खेळ मांडला. खेळायला अपेक्षेपेक्षा बरीच जास्त माणसं आली. सैन्यं होती दोनच. मग उरलेल्यांना त्याने गावातल्या भूमिका दिल्या: कोणी महापौर, कोणी सावकार, कोणी विद्यापीठाचा प्रमुख. प्रत्येकाचा हेतू निराळा. वेसली एकेकाला बाजूला बोलावून त्याची चाल ऐकत होता, तेवढ्यात बाकीचे आपापसांत कट रचायला लागले. दोघांनी तर द्वंद्वयुद्ध पुकारलं. खेळ हातातून निसटला, फसला, असंच त्याला वाटलं. खेळणाऱ्यांना मात्र तो इतका आवडला की त्यांनी पुन्हा मांडायचा आग्रह धरला. त्या खेळाडूंत अर्नेसन होता. ब्राउन्स्टाइनचीच कल्पना पुढे नेऊन त्याने आपली 'ब्लॅकमूर' मोहीम उभी केली आणि तिच्यातून डंजन्स अँड ड्रॅगन्स आला.

वेसलीला जे अपयश वाटलं, त्यातच मोठ्या गटाच्या खेळाची पहिली युक्ती आहे. त्याची माणसं त्याच्याशी बोलत नव्हती, एकमेकांशी बोलत होती. प्रत्येक वाक्य जीएममार्फत जायचं ठरलं की तो चिंचोळा दरवाजा होतो आणि सगळे त्याच्यापुढे रांगेत उभे राहतात. खेळाडू आपापसांत बोलू लागले की एकाच वेळी तीन-चार संभाषणं चालतात. शंभर मिनिटांचा तो हिशोब मोडतो आणि प्रत्येकाचा वाटा जीएमला हात न लावता वाढतो.

म्हणून मोठ्या टेबलासाठी पात्रं लिहिताना सगळ्यात जास्त वेळ द्यावा. कन्व्हेन्शनमध्ये खेळाडूंनी पात्रं स्वतः बनवायची म्हटलं तर त्यातच तासभर जातो, त्यामुळे ती तयारच द्यायची. प्रत्येक पात्राचा कागद एका पानाचा, तोही ठळक अक्षरात. वरच्या अर्ध्यात आकडे आणि शस्त्रं. खालच्या अर्ध्यात तीन गोष्टी असल्याच पाहिजेत. पहिली, या पात्राला जमतं आणि बाकी कोणालाच जमत नाही असं एक काम: जुनी लिपी वाचणं, कुलपं उघडणं, जनावरांशी बोलणं. दुसरी, टेबलावरच्या दोन पात्रांशी असलेलं नातं, नावानिशी. 'तुम्ही धाडसी आहात' असल्या वाक्याचा काही उपयोग नाही. 'धनुर्धारीने तुमच्या भावाचा जीव वाचवला, पण पुजाऱ्यावर तुमचा काडीचाही विश्वास नाही' एवढं वाचलं की खेळाडू मान वर करून विचारतो, "इथे पुजारी कोण आहे?" खेळ तिथेच सुरू होतो, जीएमने तोंड उघडण्याआधी. तिसरी गोष्ट, एक हवीशी वाटणारी वस्तू किंवा माहिती, जी दुसऱ्याच कोणाकडे आहे. पात्रं बारा आणि प्रत्येकाची नाती दोन, म्हणजे चोवीस धागे. ते कागदावर वर्तुळ काढून जोडून पाहावेत. एखाद्या पात्राकडे एकही धागा येत नसेल, तर ते ज्याच्या हाती लागेल तो चार तास गप्प बसणार हे आधीच ठरलेलं आहे.

आणखी एक: पात्रं वाचून दाखवत वाटू नयेत. सगळे कागद टेबलावर पसरावेत, वर एका ओळीत ओळख लिहावी आणि ज्याला जे भावेल ते त्याने उचलावं. बारा ओळखी वाचून दाखवायला पंधरा मिनिटं लागतात. पसरलेल्या कागदांतून निवडायला चार.

बसण्याची जागा ही किरकोळ गोष्ट नाही. लांब आयताकृती टेबलाच्या टोकाला, यजमानासारखं बसण्याची जीएमला सवय असते. तिथून दुसऱ्या टोकाचा माणूस फार लांब पडतो, त्यात आजूबाजूला आणखी वीस टेबलांचा गलका. जीएमने लांब बाजूच्या मध्यावर बसावं, किंवा सरळ उभं राहून चालवावं. हळू बोलणारे, पहिल्यांदा आलेले आणि लहान वयाचे खेळाडू जवळ घ्यावेत. मोठ्या आवाजाचे आणि मुरलेले लोक टोकांना चालतात, त्यांचं म्हणणं कुठूनही पोचतं. पात्रांची नावं घडीच्या जाड कागदावर दोन्ही बाजूंनी लिहून समोर उभी ठेवायची, कारण बारा नवी नावं कोणाच्याच लक्षात राहत नाहीत.

टेबलावर एक्स कार्डही ठेवतात. जॉन स्टॅव्ह्रोपोलोस यांनी मांडलेली ही साधी सोय आहे. फुली काढलेलं एक कार्ड मध्ये ठेवायचं. गोष्टीत कोणाला असह्य वाटेल असं काही आलं तर त्याने कार्डाला हात लावायचा. कारण विचारायचं नाही, तो भाग वगळून पुढे जायचं. अनोळखी लोकांत त्याची गरज घरच्यापेक्षा जास्त असते. मोठ्या टेबलावर एक कार्ड पुरत नाही, टोकाच्या माणसाचा हात पोचत नाही. तीन ठेवावीत.

आता लढाई. मोठे गट फसतात ते मुख्यतः इथे. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीच्या नियमांप्रमाणे लढाई सुरू होताना प्रत्येकासाठी वीस पैलूंचा फासा टाकतात आणि आकड्यांच्या उतरत्या क्रमाने एकेकाची टर्न येते. एका टर्नला दोन मिनिटं धरली तरी बाराजणांची २४, जीएमच्या राक्षसांची ६. म्हणजे एक फेरी अर्ध्या तासाची. फासा टाकून चुकला, तर त्या माणसाची पुढची संधी अर्ध्या तासाने. अशा चार फेऱ्या म्हणजे दोन तास, अर्धा स्लॉट.

यावरचा उपाय जुन्या नियमांत सापडतो. त्याच खेळाच्या १९८१ च्या बेसिक पुस्तिकेत क्रमाचा फासा एकेकट्याने टाकायचा नव्हता. प्रत्येक बाजूने सहा पैलूंचा एकच फासा टाकायचा आणि ज्यांचा आकडा मोठा, त्या सगळ्यांनी आधी चाल करायची. मोठ्या टेबलावर हेच करावं. जीएमने एक मिनिट द्यावं: ठरवा, आपसांत बोला. मग सगळ्यांनी एकदम फासे टाकावेत, लागण्याचा आणि जखमेचा दोन्ही एकत्र. राक्षसाला लागण्यासाठी १५ हवेत, हे आधीच मोठ्याने सांगून टाकावं, म्हणजे 'लागलं का?' हा प्रश्न बारा वेळा येणार नाही. नंतर जीएमने टेबलाभोवती एक फेरी मारावी आणि प्रत्येकाकडून एका वाक्यात निकाल घ्यावा. प्रत्येकी अर्धं मिनिट, एकूण सहा. राक्षसांच्या जखमांसाठी फासे टाकत बसण्याचीही गरज नाही, कारण पाचव्या आवृत्तीत प्रत्येक राक्षसाच्या नोंदीत सरासरी आकडा छापलेलाच असतो. अर्ध्या तासाची फेरी अशी दहा मिनिटांवर येते.

एक चूक मात्र जवळपास प्रत्येक नवा जीएम करतो. बारा खेळाडू आहेत, तर राक्षसही तेवढाच दांडगा हवा म्हणून तो एकच प्रचंड राक्षस उभा करतो. मग एका बाजूला फेरीला बारा चाली, दुसऱ्या बाजूला एक. राक्षस दोन फेऱ्यांत कोसळतो, किंवा तसा कोसळू नये म्हणून त्याला इतका चिवट केलेला असतो की सगळे नुसते आकडे वजा करत बसतात. त्यापेक्षा लढाईत कामं वाटावीत. तिघांनी दरवाजा धरून ठेवायचा आहे, दोघांनी मनोऱ्यावर चढून घंटा वाजवायची आहे, कोणीतरी कैद्यांच्या बेड्या तोडायच्या आहेत, आणि मध्ये तो राक्षस आहेच. अशा लढाईत ज्याला तलवार धरता येत नाही त्यालाही काम मिळतं.

लढाईबाहेर, एखाद्या मोठ्या निर्णयाच्या वेळी, जुन्या पुस्तिकांतली आणखी एक पद्धत उपयोगी पडते. सगळ्यांचं ऐकून घेऊन जीएमला गटाचा निर्णय सांगणारा एक खेळाडू नेमत. त्याला कॉलर म्हणत, आपण म्होरक्या म्हणू. बाराजण एकदम जीएमशी बोलायला लागले तर कोणाचंच धड ऐकू येत नाही, त्यामुळे म्होरक्या हवाच. पण तोच माणूस चारही तास म्होरक्या राहिला की गप्प बसणारी माणसं त्याच्या मागे झाकली जातात. प्रत्येक प्रसंगाला म्होरक्या बदलावा, हे माझं ठाम मत आहे.

इतकं करूनही मला वाटतं, एका जीएमने बाराच्या पुढे जाऊ नये. कन्व्हेन्शनच्या इतिहासातही आकडा खालीच आलेला दिसतो. जेनकॉन या अमेरिकेतल्या मोठ्या कन्व्हेन्शनमध्ये १९८० साली डंजन्स अँड ड्रॅगन्सची स्पर्धा झाली. पुढे ती गुलाम-व्यापाऱ्यांविरुद्धच्या साहसांची मालिका म्हणून छापली गेली. त्यात एका गटात नऊ पात्रं होती. आज पाथफाइंडर या अशाच दुसऱ्या खेळाच्या, पाथफाइंडर सोसायटीच्या टेबलावर चार ते सहा खेळाडू बसतात. पन्नास वर्षांच्या अनुभवाने चांगल्या टेबलाचा आकडा असा पाच-सहावर आणला आहे.

मग शंभर, पाचशे माणसांनी एकच गोष्ट खेळायची असेल तर? तर टेबल मोठं करायचं नाही, टेबलांची संख्या वाढवायची आणि ती एकमेकांना जोडायची. डंजन्स अँड ड्रॅगन्सवाले अशा खेळाला एपिक म्हणतात, पाथफाइंडरवाले स्पेशल.

जेनकॉनची सुरुवात १९६८ साली विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा या गावात झाली, गायगॅक्सने भाड्याने घेतलेल्या एका हॉलमध्ये, शंभरएक माणसांत. २००३ पासून ते इंडियानापोलिसला भरतं आणि २०२३ मध्ये तिथे ७०,००० हून अधिक लोक आले. अशा ठिकाणी संध्याकाळच्या स्पेशलला हॉलभर टेबलं मांडलेली असतात. प्रत्येक टेबलाला क्रमांक, प्रत्येक टेबलावर एक जीएम आणि चार ते सहा खेळाडू. त्या सगळ्यांच्या वर एक मुख्य जीएम, हातात माइक घेऊन व्यासपीठावर.

आपल्याकडच्या पंगतीशी याचं बरंच साम्य आहे. प्रत्येक रांगेला आपला वाढपी असतो, पण भात कधी आणि जिलबी कधी हे सगळ्या मांडवासाठी एकाच ठिकाणी ठरतं. फरक एवढाच की पंगतीत शेवटच्या पाहुण्याचं जेवण होईपर्यंत कोणी उठत नाही. इथे घड्याळ वाजलं की पान अर्धं असलं तरी पुढचा पदार्थ येतो.

गोष्ट भागांत तोडलेली असते. समजा, वेढा पडलेलं शहर वाचवायचं आहे. मुख्य जीएम सुरुवातीचा प्रसंग माइकवरून सांगतो. मग प्रत्येक टेबल आपापल्या वेशीवर लढू लागतं. नवशिक्या पात्रांच्या टेबलावर हलके शत्रू, मुरलेल्या पात्रांच्या टेबलावर भारी, गोष्ट मात्र तीच. एखाद्या टेबलाने आपलं काम फत्ते केलं की त्याचा जीएम तसं मुख्य कक्षाला कळवतो: चिठ्ठीने, नाहीतर हॉलभर फिरणाऱ्या स्वयंसेवकामार्फत. तिथे बेरीज चालू असते. किती यश मिळालं की तटबंदी टिकली असं म्हणायचं, तो आकडा टेबलांच्या संख्येवरून ठरतो, म्हणजे हॉलमध्ये वीस टेबलं असोत की शंभर, कस सारखाच लागतो. आकडा गाठला की माइकवरून घोषणा होते, आणि आपल्या छोट्याशा वेशीवरच्या लढाईने अख्खं शहर वाचलं हे पाचशे माणसांना एकदम कळतं. त्या क्षणी हॉलमध्ये जो जल्लोष होतो, त्यासाठी लोक वर्षभर थांबतात.

टेबलांमध्ये आणखी एक दुवा असतो. पाथफाइंडरच्या स्पेशलमध्ये टेबलांना मदतीचं टोकन मिळतं. ते स्वतःसाठी वापरायचं नाही, त्यात आपली मदत भरून शेजारच्या टेबलाला द्यायचं: जखमा बऱ्या करणं, एका फाशाला बळ देणं. त्या टेबलाने ते वापरून पुढे पाठवायचं. अनोळखी टेबलाकडून ऐन वेळी मदत आली की खेळाडू मान वर करून बघतात, कोणी पाठवली ते. शंभर टेबलं एक झाल्याचं तिथे जाणवतं.

यातला अवघड भाग दारावर असतो. खेळाडूंना पातळीप्रमाणे टेबलांवर बसवायचं, त्याला मस्टर करणं म्हणतात. कोणी एकटा येतो, कोणी सहाजणांचा कंपू घेऊन, कोणाचं पात्र पहिल्या पातळीचं, कोणाचं सातव्या. आरक्षण केलेल्यांपैकी काही येतच नाहीत आणि जागा न मिळालेले बाजूला आशेने उभे असतात. तीनच खेळाडू जमलेल्या टेबलाला चौथं तयार पात्र देऊन जीएमच ते चालवतो. दोन-तीन जीएम राखीव लागतातच, कारण कन्व्हेन्शनचे चार दिवस बोलून बोलून कोणाचा तरी घसा बसलेला असतो. हे सगळं वीस मिनिटांत उरकलं नाही, तर गोष्टीचा शेवटचा भाग कापावा लागतो.

टेबलावरच्या जीएमला इथे एक वेगळीच गोष्ट शिकावी लागते: लढाई अर्धवट सोडणं. भाग संपल्याची घोषणा झाली की थांबायचं, राक्षस एका घावावर आला असला तरी. चांगला जीएम घड्याळाकडे पाहत राहतो, पाच मिनिटं उरली की ज्याला अजून संधी मिळालेली नाही त्याला पुढे करतो, आणि घोषणा झाल्यावर एका वाक्यात लढाई मिटवतो. 'अजून एकच फेरी' म्हणत रेंगाळणारं टेबल पुढच्या भागाचं वर्णन ऐकत नाही, आणि मग उरलेला सगळा वेळ मागे पडतं.

या पद्धतीला वरची मर्यादा जवळपास नाही. २०२३ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात, प्रोव्होमधल्या एका मॉलमध्ये १,२२७ जणांनी मिळून डंजन्स अँड ड्रॅगन्सचा एक खेळ केला. गिनेस बुकात त्याची नोंद आहे.

पुण्या-मुंबईच्या बोर्डगेम कॅफेत हा खेळ आता ओळखीचा झाला आहे. तिथे मोठा खेळ मांडायचं कोणाच्या मनात असेल, तर शंभर टेबलांची वाट पाहू नका. पाच-पाचजणांची दोन टेबलं घ्या, दोन जीएम, आणि मध्ये चिठ्ठ्या नेणारा, घड्याळ सांभाळणारा एक मित्र. गोष्टीचे तीनच भाग करा. पहिल्या भागात एका टेबलाला सापडलेली किल्ली दुसऱ्या भागात दुसऱ्या टेबलाच्या कुलपाला लागू द्या. आणि खेळ संपल्यावर, फासे गोळा करताना, सर्वांत कमी बोललेल्या खेळाडूजवळ जा आणि त्याच्या पात्राने आज काय काय केलं ते त्याला विचारा. त्याला तीन गोष्टी सांगता आल्या, तर पुढच्या वेळी तिसरं टेबल मांडा.